मोठे ऑफ-रोड टायर टाकल्यापासून ८० च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग करूनही जात नाही. काय तपासू?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो. पाच दारांची मारुती जिमनी. मूळच्या १९५/८० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ ऑल टेरेन टायर, बाहेरचे अलॉय आणि दोन इंचांचं लिफ्ट किट, सगळं एकदमच बसवलं. तेव्हापासून ७५ ते ९५ च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं, त्याच्या पुढे जरा कमी होतं. दोनदा अलाइनमेंट आणि दोनदा बॅलन्सिंग झालं. आता दुकानदार म्हणतो की मोठे टायर म्हटलं की एवढं चालायचंच, आणि जाड स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा छोटा शॉकॲब्सॉर्बर) बसवायला सांगतोय.

डँपर आत्ता घेऊ नका. मी चाकं आणि सस्पेन्शनचंच काम करतो, त्यातही पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा) असलेल्या गाड्या जास्त येतात. डँपर थरथर दाबून टाकतो, तिचं कारण तसंच राहतं आणि बुश (सांध्यांमधले रबर), टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे) खात बसतं. आणि "चालायचंच" हे मला अजिबात मान्य नाही. या मापाचे टायर घालून शंभरच्या वेगाला शांत चालणाऱ्या जिमनी आहेत. तुमचीही चालायला हवी.

एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यात: टायर, रिम आणि सस्पेन्शन. म्हणून पहिली तपासणी फुकटातली. मूळची चाकं घरात असतील तर चारही परत चढवा, लिफ्ट तसंच ठेवा, आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाला गाडी चालवा. नट मात्र त्या चाकांचे मूळचेच लावा. थरथर पूर्ण गेली तर दोष बहुतेक चाकात आहे. राहिली तर लिफ्ट किंवा पुढचा ॲक्सल. एक सावधगिरी: नवी चाकं प्रत्येकी काही किलोंनी जड आहेत. बुश किंवा बेअरिंगमधला थोडासा प्ले (ढिलेपणा) हलक्या चाकाखाली जाणवत नाही आणि जड चाकाखाली जाणवतो. म्हणजे थरथर गेली तरी पुढचा भाग एकदा तपासायचाच.

तुमच्या वर्णनावरून माझा संशय चाकांवर जास्त आहे. ठरावीक वेगाला सुरू होऊन पुढे विरणारी थरथर बहुधा असंतुलनाची किंवा चाक गोल नसल्याची असते. स्टिअरिंगमध्ये जाणवते म्हणजे बहुतेक पुढची चाकं. सीटखाली आणि फ्लोअरमध्ये जाणवली असती तर मागची म्हटलं असतं. अलाइनमेंटचा इथे फारसा संबंध नाही. टो (समोरून चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) चुकला तर टायर झिजतो, गाडी नीट सरळ चालत नाही, पण अशी थरथर सहसा येत नाही. त्यामुळे तिसऱ्यांदा अलाइनमेंटवर पैसे घालू नका.

बॅलन्सिंग झालं म्हणजे ते बरोबर झालं असं नाही. ८० च्या वेगाला तुमचं चाक सेकंदाला साडेनऊच्या वर फेरे घेतं. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅमचा फरक असला तरी त्या वेगाला जवळपास दीड किलोचा धक्का बसतो, प्रत्येक फेऱ्याला एक. आणि वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो. आता जिमनीच्या रिमचं मधलं भोक १०८ मिमीचं, नेहमीच्या हॅचबॅकपेक्षा बरंच मोठं. शहरातल्या बऱ्याच दुकानांत मशीनवर चाक मध्यावर धरणारे कोन छोट्या गाड्यांचेच असतात. कोन भोकात नीट बसला नाही की चाक मशीनवरच तिरकं बसतं. स्क्रीनवर शून्य-शून्य येतं, पण ते शून्य त्या तिरक्या बैठकीचं असतं.

हे पकडायची युक्ती सोपी आहे. बॅलन्सिंग संपून शून्य आलं की मिस्त्रींना सांगा, चाक सैल करा, शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळा आणि परत फिरवा. आकडा शून्याजवळच राहिला तर बॅलन्सिंग खरं. एकदम २५–३० ग्रॅम दाखवायला लागला तर चाक मध्यावर बसलेलंच नव्हतं. समोर उभं राहून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. त्याआधी रिमची आतली बाजू धुऊन घ्या. कोकणातला तांबडा चिखल किंवा भातखाचरातला काळा गाळ रिमच्या आत एका बाजूला वाळून बसला की त्याचंच वजन बॅलन्सिंगसाठी लावलेल्या वेटपेक्षा जास्त भरतं.

बॅलन्सिंग खरं निघालं तर चाक गोल आहे का ते बघा. पुढचं चाक जॅकवर घ्या, जॅकस्टँड लावा, विटेवर एक पेचकस आडवा ठेवून त्याचं टोक टायरच्या अगदी जवळ आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. टोक आणि रबर यांच्यातली फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते. दीड मिलिमीटरच्या वर फरक असेल तर तो स्टिअरिंगमध्ये येणारच. मग तेच रिमच्या कडेवर करून बघा, म्हणजे वाकडं रिम आहे की टायर ते कळेल. टायरच्या साइडवॉलवर रिमच्या कडेलगत एक बारीक उंचवटा गोल फिरतो, तो नीट पाहा. रिमपासून त्याचं अंतर सगळीकडे सारखं हवं. एका जागी तो आत गेलेला दिसला तर टायर तिथे रिमवर पूर्ण बसलेलाच नाही. हवा काढा, कडेला साबणाचं पाणी लावा, परत भरा. जाड साइडवॉलच्या टायरमध्ये हे वारंवार होतं आणि कुणी बघत नाही.

अलॉय बाहेरचे आहेत, म्हणून अजून एक. त्यांचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं त्या भागापेक्षा) मोठं असेल तर चाक मध्यावर आणायचं काम फक्त नटांवर पडतं. अशा वेळी गाडी जमिनीवर ठेवून एअर गनने एकेक नट कचकन आवळला की चाक एका बाजूला सरकून बसतं. चाक हवेत असताना नट हाताने लावा, आडव्यातिडव्या क्रमाने थोडे थोडे आवळा, मग टॉर्क रेंच. नटाचा उतार रिमच्या उताराशी जुळतो का तेही तपासा. ऑफसेट बदलून चाकं बाहेर आली असतील किंवा स्पेसर (हब आणि चाकामधल्या चकत्या) असतील तर तोच धक्का स्टिअरिंगला जास्त लांबून मिळतो, थरथर वाढते.

सगळं करूनही राहिली तर पाचवं चाक कामाला लावा. स्टेपनीही त्याच मापाची घेतली असेल तर ती एकदा पुढे डावीकडे, एकदा उजवीकडे लावून चालवा. एखाद्या टायरची बांधणीच एका बाजूला कडक असते. असा टायर मशीनवर शून्य दाखवतो आणि रस्त्यावर हादरतो. तसा सापडला तर दुकानदाराकडून बदलूनच घ्या.

आता पुढचा ॲक्सल. चाक जॅकवर असतानाच वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ते). डावी-उजवीकडे धरून प्ले लागला तर टाय रॉड एंड बघा. मग गाडी जमिनीवर, इंजिन चालू, कुणीतरी स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि तुम्ही लॅटरल रॉडच्या (ॲक्सलला आडवं जागेवर धरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांकडे बघायचं. बोल्ट बुशात हलताना दिसला तर कारण तिथेच आहे. लिफ्ट बसवताना हे बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळलेले असतात, हे मी कितीदा पाहिलंय. चाकांवर वजन आल्यावर ते सैल करून परत आवळायला हवेत, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो.

दोन इंचांच्या लिफ्टने कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी होतो, आणि सलग ॲक्सलला तो अलाइनमेंट मशीनवर बदलता येत नाही. त्यासाठी वेगळे बुश किंवा आर्म लागतात. स्टिअरिंग आपोआप मध्यावर परत येत नसेल, गाडी हायवेवर भरकटत असेल, तर ते घ्या.

आणि खड्ड्यातून किंवा पुलाच्या जोडावरून गेल्यावर स्टिअरिंग एकदम डावी-उजवीकडे आपटायला लागलं, वेग कमी केल्याशिवाय थांबेना, तर ती वेगळी आणि धोक्याची गोष्ट आहे. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग धरून ठेवा पण झटापट करू नका, सावकाश वेग उतरू द्या. त्यानंतर किंगपिन आणि लॅटरल रॉड तपासल्याशिवाय गाडी हायवेला काढू नका. काट्यावर पूर्वीइतकाच वेग दिसतो तेव्हा या टायरवर गाडी पूर्वीपेक्षा जवळपास ६ टक्के जास्त पळत असते, तेही ध्यानात ठेवा.

मूळ चाकं लावून काय झालं ते आधी कळवा, पुढचं त्यावर सांगतो.