बेलिफाने बाहेर काढलेलं सामान कोणाचं?

प्रश्न : आमच्या चाळीतल्या समोरच्या खोलीचा ताबा कोर्टाच्या बेलिफाने घरमालकाला दिला. भाडेकरूबाईंचं सामान दोन दिवस पावसात अंगणात पडून होतं. जो तो हवं ते उचलत होता, म्हणून मीही शिलाई मशीन, एक ट्रंक आणि पितळी भांडी घरात आणली. भांडी भंगारात विकली. आता बाई फोन करून सामान मागताहेत. शेजारी म्हणतात, टाकलेल्याला मालक नसतो. काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, शेजाऱ्यांच्या नादी लागू नका. मालकाने आपणहून पाणी सोडलं, तरच वस्तू बेवारस होते. इथे बाईंनी काही टाकलेलं नाही. ताब्याच्या वॉरंटाने त्यांची खोली गेली, भांडीकुंडी नव्हे. ‘न्या हवं ते’ असं घरमालक म्हणाला असेल, तरी दुसऱ्याचं सामान वाटायचा हक्क त्यालाही नव्हता.

भिजू नये म्हणून मशीन आत आणली, हा काही गुन्हा नाही. पण मालक ठाऊक असताना वस्तू आपलीच म्हणून वापरली किंवा विकली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. हा अप्रामाणिक अपहार. शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं, शिवाय दंड. मालकीण तर तुमच्या समोरच राहत होती, तेव्हा ‘कोणाचं ते कळलं नाही’ हा बचाव टिकायचा नाही. अडचण आहे ती भांड्यांचीच.

मशीनबद्दल एक सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कर्जवसुलीसाठी कोर्टसुद्धा कारागिराची अवजारं जप्त करू शकत नाही. बाई शिवणकामावर घर चालवत असतील, तर रोज त्यांची मजुरी बुडते आहे. मशीन आजच पोचवा. सांभाळण्याचा खर्च मिळेपर्यंत सापडलेली वस्तू अडवून ठेवायची मुभा करार कायदा देतो खरा, पण दोन दिवस आडोसा दिल्याचे पैसे मागू नका. शोभत नाही.

ट्रंक उघडू नका. रेशनकार्ड, शाळेचे दाखले बहुधा अशाच ट्रंकेत असतात. उघडली असेल, तर आतल्या वस्तूंची यादी करा, फोटो काढा. व्हॉट्सॲपवर बाईंना कळवा : ‘अमुक सामान माझ्याकडे सुरक्षित आहे, केव्हा आणून देऊ?’ देताना दोन शेजारी साक्षीला घ्या, पोच लिहून घ्या.

भंगारवाल्याकडे आधी जा. भांडी वितळायला गेली नसतील, तर पैसे परत करून सोडवून आणा. गेली असतील, तर बाईंना आधीच खरं सांगा आणि मोडीचा नव्हे, भांड्यांचा भाव द्या.