जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्सचेंज) काढण्याआधी एवढं बघ

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं काम तुला मिळालं, फार बरं वाटलं. पण लगेच क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन यंत्रणेचं कोटेशन देऊ नकोस. आधी दिवसभर तिथे बस. फोन कोण उचलतं, निर्यातीचे कॉल कुणाच्या मोबाईलवर येतात, ऑर्डर व्हॉट्सॲपवर कुठे अडकते, हे वहीत लिही. उद्याची यंत्रणा म्हणजे टेबलावरचा डबा नव्हे. एकच नंबर ऑफिसात, मोबाईलवर आणि लॅपटॉपवर वाजला पाहिजे, आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी गिऱ्हाईक कारखान्याकडेच राहिलं पाहिजे. मालकाला हेच समजावून सांग.

मग नेटवर्क. जी.७११ या कोडेकवर (आवाज डिजिटल करायची पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ९० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) लागतात, म्हणजे वेग सहसा पुरतो. घात होतो तो उशिरामुळे. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले की माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. म्हणून आवाजासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) कर, राउटरवर त्याला प्राधान्य दे.

विजेचं तर विसरूच नकोस! जुन्या फोनला एक्सचेंजकडून तारेतूनच वीज मिळायची, आयपी फोन (नेटवर्कवरून चालणारा) लाईट गेली की बंद. स्विच, राउटर, फायबरचा डबा, सगळं यूपीएसवर घे.

मागांच्या शेडमधले आणि गेटवरचे साधे फोन चालू असतील तर राहू दे, गेटवे (साधा फोन नव्या यंत्रणेला जोडणारा डबा) लावून जोडता येतात. एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून येणारी बाहेरच्या कॉलची लाईन) मात्र परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडूनच घे, आणि जुना नंबर तसाच राहील का हे लेखी विचार. मालाच्या पाकिटांवर तोच छापलेला असतो.