तिचा प्रोग्राम बरोबर आहे

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर जिआंट-फोर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यूट्रॉनचा झोत पाणी, शिसं, काँक्रीट यांतून कसा जातो ते बघत बसते. तिचा प्रोग्राम दाखवतो की झोत शिशातून पार होतो आणि पाण्यात अडतो! म्हणजे तिला हे जमत नाही, हे उघड आहे. शिवाय रेडिएशनचं काम. उद्या स्थळं आली की काय सांगायचं? मी लॅपटॉप काढून ठेवला आहे. बँकेच्या परीक्षेसाठी कोणता क्लास लावावा?
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : क्लासचं नाव मी सुचवणार नाही. एम.एस्सी. करणाऱ्या, कायद्याने सज्ञान असलेल्या मुलीचा लॅपटॉप तुम्ही काढून घेतलात, आणि पत्रात तिचं म्हणणं एका ओळीनेही आलेलं नाही. ती भांडली, रडली, की गप्प बसली? गप्प बसली असेल तर मला जास्त काळजी वाटते. तिला बँकेत जायचंय का, हे तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही.

रेडिएशनचं म्हणाल, तर तिच्या लॅपटॉपमध्ये एकही न्यूट्रॉन नाही. तिथे फक्त आकडेमोड चालते. पुढे खऱ्या स्रोताजवळ काम करायची वेळ आली, तरी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा असते: पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्साराचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. किती मात्रा मिळाली ते मोजणारा बॅज अंगावर असतो. तुम्हाला तिच्या प्रकृतीची भीती असती, तर धोका किती, असं तुम्ही विचारलं असतं. तुम्ही विचारलंत, स्थळांना काय सांगायचं. या दोन प्रश्नांतला फरक तिला घरात रोज ऐकू येत असणार.

आता तिची ‘चूक’. एक्स-रे खोलीला शिसं लावतात, म्हणून शिसं सगळं अडवतं, असा समज घरोघरी आहे. एक्स-रे अडतात ते शिशातल्या दाट इलेक्ट्रॉनांमुळे. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. इलेक्ट्रॉनांची त्याला दखलच नसते, तो थेट अणुकेंद्रकावर आदळतो. शिशाचं केंद्रक त्याच्या दोनशे पट जड, त्यामुळे तो दिशा बदलतो पण वेग जवळजवळ तेवढाच राहतो. कॅरमची सोंगटी कडेला आपटून परतावी तसा. हायड्रोजनचं केंद्रक मात्र त्याच्याच वजनाचं, म्हणून एका धडकेत सरासरी निम्मी ऊर्जा जाते. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे अशा कणांच्या ऊर्जेचं माप; 20 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन 0.025 इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत मंदावायला हायड्रोजनमध्ये साधारण 18 धडका पुरतात. शिशात जवळपास दोन हजार लागतात. पाण्यात हायड्रोजन भरपूर, म्हणून झोत तिथे अडतो. तुम्ही जिला नापास केलंत, तिचं उत्तर बरोबर आहे.

आणि हा लॅपटॉपवरचा खेळ नाही. न्यूट्रॉनचा प्रवास असा धडकेमागून धडक, फासे टाकल्यासारखा मोजायची मोंटे कार्लो पद्धत 1948 मध्ये एनिॲक संगणकावर चालवली गेली, तेव्हा त्या पद्धतीचा प्रोग्राम लिहिण्याचं मोठं काम क्लारा फॉन नॉयमन या बाईंनी केलं होतं. आज अणुभट्टीची भिंत किती जाड हवी, हे याच पद्धतीने ठरवतात. कॅन्सर रुग्णालयातल्या जास्त ऊर्जेच्या लिनॅक या किरणोपचाराच्या यंत्रातूनही न्यूट्रॉन निघतात आणि त्या खोलीच्या दारात न्यूट्रॉन गिळणारं बोरॉन मिसळलेलं पॉलिथिन घालावं लागतं. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात प्रोटॉन उपचार चालतात, तिथेही हा हिशोब चुकवता येत नाही.

वाटा नेहमीच्याच: एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल, रुग्णालयात जायचं तर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, नाहीतर नेट-गेट देऊन पीएच.डी. यातलं काहीही हमखास नाही. नुसतं सॉफ्टवेअर चालवता येतं, म्हणून तर कोणीच नोकरी देणार नाही. बँकेची परीक्षाही वाईट नाही, पण ती तिने निवडलेली असू दे. लॅपटॉप आज परत द्या.

आता चार ओळी मुलीसाठी. जिआंट-फोरमध्ये तू ‘एचपी’वाली, म्हणजे हाय प्रिसिजन, फिजिक्स लिस्ट घेतलीस ना? ती नसेल तर 20 एमईव्हीच्या (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) खालचे न्यूट्रॉन नीट हाताळले जात नाहीत आणि तुझा सगळा खटाटोप त्याच पट्ट्यातला आहे. साधारण 4 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली पाण्यातला हायड्रोजन सुटा धरू नकोस, तो रेणूत बांधलेला असतो. त्याचा थर्मल स्कॅटरिंगचा, म्हणजे मंद न्यूट्रॉनच्या धडकांचा, डेटा वेगळा जोडावा लागतो. त्रुटी निम्मी करायची तर न्यूट्रॉन चौपट सोडावे लागतात, तेव्हा प्रत्येक आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता लिही. मग पाण्याच्या पलीकडे गॅमा किरण मोज. हायड्रोजन न्यूट्रॉन गिळतो तेव्हा 2.2 एमईव्हीचा गॅमा सोडतो, म्हणजे नुसतं पाणी पुरत नाही. त्या पाण्यात बोरॉन मिसळून बघ, मागे शिशाचा थर लाव, आणि कितव्या सेंटिमीटरला एकूण मात्रा सर्वांत कमी होते ते शोध. तुझ्या सरांना दाखवण्यासारखा प्रोजेक्ट त्यातून निघेल.