बोअरच्या पाण्याने भांड्यांवर, नळावर पांढरा थर बसतो. घरगुती उपाय आहे का?

आहे. आमच्या लातुरात बोअरचं पाणी इतकं जड की स्टीलच्या हंड्याला आठवड्यात थर धरतो. घासत बसू नका, तो बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीतलाच पदार्थ असतो, आंबटाने सुटतो. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चमचाभर, लिटरभर कोमट पाण्यात घालून हंड्यात अर्धा तास ठेवा. बारीक बुडबुडे दिसतात, मग काथ्याने एक हात फिरवला की झालं. नळाला त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा. पितळेला मात्र चिंचच बरी.

शहाबादी फरशीवर हे सांडू देऊ नका, ती मुळात चुनखडीच! आमच्या मोरीजवळ असाच एक फिकट डाग कायमचा बसलाय. आणि ब्लीचिंग पावडरमध्ये तर अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.