समर्पण केलं, तरी मोकळं का वाटत नाही?

‘मी प्रभूला सगळं दिलंय, तरी मोकळं वाटत नाही.’ समुपदेशनाला येणाऱ्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी सतत ऐकते. कुणी उपास करून आलेलं असतं, कुणी उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्यासाठी भरवलेल्या सभेत, तीन-तीनदा पुढे जाऊन गुडघे टेकून आलेलं असतं. आपला जुना मनुष्य, म्हणजे ख्रिस्तापूर्वीचा ‘मी’, ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेला, हे बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायातलं वचन त्यांना पाठ असतं. आणि पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग माझं समर्पण खोटं होतं का?’

बहुतेकदा खोटं नसतं. एक खोली कुलूप लावून मागे ठेवलेली असते, एवढंच. ती सापडत नाही, कारण माणूस ती पापांच्या यादीत शोधत बसतो.

एका ताईंचं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन जणींचे अनुभव एकात आणले आहेत. घरात सगळे त्यांना आक्का म्हणत. इथेही तेच म्हणू.

आक्का ५६ वर्षांच्या, रुग्णालयात परिचारिका, चार भावंडांत थोरल्या. वडील लवकर गेले. धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग, दोघी बहिणींची लग्नं, आईचं शेवटचं आजारपण, सगळं यांच्या पगारावर निभावलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. मंडळीत (चर्चमध्ये) महिला संघाच्या चिटणीस. तक्रार अशी: पहाटे तीनला जाग येते, प्रार्थनेला बसलं की शब्द कोरडे पडतात आणि उपासनेत कुणी आनंदाने साक्ष द्यायला, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की आतून काहीतरी आवळतं.

अशा वेळी वचनाच्या आधी मी शरीराची चौकशी करते. थायरॉइड, साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन, चालू असलेली औषधं. सलग दोन आठवडे किंवा जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. ‘मरून गेलेलं बरं’ असा विचार डोकावला तर त्याच दिवशी. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. नैराश्याला अविश्वास म्हणून गोळ्या बंद करायला लावणं हा अपराध आहे, मग सांगणारा कितीही आत्म्याने भरलेला असो. आक्कांच्या तपासण्या ठीक होत्या. कामात, खाण्यात त्यांचं मन लागत होतं. मग आम्ही बोलायला बसलो.

‘समर्पणाच्या प्रार्थनेत काय काय दिलंत?’

‘राग दिला. तोंड फटकळ आहे, ते दिलं. रात्रीच्या मालिका सोडल्या. दर वर्षी थर्टी फर्स्टच्या उपासनेत पुन्हा देते, मॅडम.’

यादी चोख होती. पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत माझ्या कानाला एक गोष्ट खटकली. भावाचा विषय निघाला की आक्का ‘माझा भाऊ’ म्हणत नसत. ‘आईचा लाडका’ म्हणत. लूकच्या १५व्या अध्यायातल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात, पैसे उडवून परतलेल्या धाकट्याबद्दल बोलताना थोरला मुलगाही बापाला ‘हा तुमचा मुलगा’ असंच म्हणतो. त्याचं आदलं वाक्य आठवा: इतकी वर्षं मी तुमची सेवाचाकरी करतोय, एक करडूसुद्धा मिळालं नाही. मूळ ग्रीक शब्द गुलामासारखं राबण्याचा आहे. घरचा मुलगा, पण मनाने गडी झालेला, आणि गड्यासारखाच मजुरीचा हिशेब ठेवणारा.

मी विचारलं, ‘भावासाठी केलेला खर्च कुठे लिहून ठेवलाय का?’

पुढच्या भेटीत खाकी कव्हर घातलेली शंभरपानी वही टेबलावर आली. तीस वर्षांचा हिशेब. फी, मेस, लग्नातले दागिने, आईची औषधं, तारखांसकट. मी पानं उलटली आणि एक गोष्ट ध्यानात आली. एकाही पानाखाली बेरीज नव्हती.

‘बेरीज का नाही केलीत?’

‘कधी केलीच नाही.’

हा मला या कामातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. बेरीज झाली की हिशेब मिटवावा लागतो: वसूल तरी करायचा, नाहीतर सोडून तरी द्यायचा. चालू ठेवायचा असेल तर बेरीज करायची नसते.

‘थर्टी फर्स्टला ही वही दिली होतीत का?’

बराच वेळ शांतता. मग जरा दुखावल्या आवाजात: ‘ही काय पापाची वही आहे का, मॅडम? मी केलेलं चांगलं आहे हे.’

‘म्हणूनच विचारते.’

पुन्हा शांतता. ती मी मोडली नाही. समुपदेशकाने अशा जागी सांत्वनाचा एक शब्द टाकला की सगळं विरून जातं, हे नवीन शिकणाऱ्यांना मी आवर्जून सांगते. पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करायचा नाही. शेवटी आक्का म्हणाल्या, अगदी हळू:

‘हेही दिलं, तर मी कोण उरले?’

चार महिन्यांतल्या नऊ भेटींमध्ये हेच एक वाक्य मला हवं होतं. जुना मनुष्य बोलतो तो इथे. ‘मी रागीट आहे, मला बदल’ हे तो सहज म्हणतो. रागावाचून त्याचं काही अडत नाही. अडतं ते या ‘मी’वाचून, जो स्वतःच्या चांगुलपणाच्या भांडवलावर उभा असतो. आपण वाईट सवयी वेदीवर ठेवतो आणि पुण्याई खिशात ठेवतो. पौलाने फिलिप्पैकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायात जे हानी म्हणून टाकून दिलं, ती त्याची पापं नव्हतीच. आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परुशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा), नियमशास्त्राप्रमाणे निर्दोष. सगळी जमेची बाजू. ती त्याने खोडली.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारे ८ वर्षांनी मिळाला. एवढी विद्वान, एवढी सेवाभावी बाई. ज्यांना दोन सभांमध्ये मोकळीक मिळाली नाही म्हणून स्वतःच्या तारणाचीच शंका येते, त्यांना मी हे अवश्य सांगते.

आता देणं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं. आक्कांनी जे केलं त्याच क्रमाने सांगते.

आधी बेरीज. त्यांनी ती घरी बसून केली. दोन संध्याकाळ लागल्या. सोडायचं ते किती आहे हे न मोजता सोडलं की ते पुन्हा पुन्हा हातात येतं. मत्तयाच्या १८व्या अध्यायातल्या दाखल्यात राजा एका दासाचं प्रचंड कर्ज माफ करतो, आणि तोच दास सोबतीच्या दासाकडून आपलं देणं वसूल करायला त्याचा गळा धरतो. या सोबतीच्या दासाचं देणं १०० दिनार आहे, आणि दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. म्हणजे तीन महिन्यांहून जास्त कमाई. प्रभू येशू त्याला क्षुल्लक म्हणत नाही. फक्त त्याच्याशेजारी राजाने माफ केलेले १०,००० तालांत ठेवतो. एक तालांत सुमारे ६,००० दिनार धरला, तर ते ६ कोटी दिवसांचे रोज होतात. ‘जाऊ द्या, आपलीच माणसं’ असं म्हणून आक्कांना गप्प करणाऱ्यांनी त्यांचे १०० दिनार खोटे ठरवले होते. मी ते खरे धरले, तेव्हाच त्यांना दुसरा आकडा दिसू शकला.

मग मराठी प्रभूची प्रार्थना सावकाश, शब्द तोडून म्हणायची. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ ऋण! लहानपणापासून रोज म्हटलेला शब्द. आक्का तिथे थांबल्या आणि वहीकडे बघत राहिल्या. कलस्सैकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात वधस्तंभावर खिळलेल्या ज्या लेखाचा उल्लेख आहे, तो मूळ भाषेत स्वहस्ते लिहून दिलेला कर्जरोखाच आहे. माझ्याविरुद्धची वही तिथे खिळली गेली असेल, तर मी लिहिलेली वही मी कशाच्या जोरावर जपायची?

त्यानंतर मोठ्याने, एका भरवशाच्या माणसासमोर, नेमक्या शब्दांत अर्पण. ‘प्रभू, मी पापी आहे’ एवढं मोघम नको. ‘भावाच्या शिक्षणाचा खर्च आणि त्याबद्दल मला मिळायला हवा होता तो मान, दोन्ही मी तुझ्या हवाली करते.’ एकच साक्षीदार पुरतो. मंडळीपुढे लगेच साक्ष देऊ नये. दिली, की वहीत नवीन नोंद होते: ‘मी एवढं सोडलं.’

इथे तीन ठिकाणी हमखास घोळ होतो.

पहिला, भावाला फोन करून ‘मी तुला क्षमा केली’ असं सांगणं. त्याने मागितलेली नसते. त्याच्या कानाला ते बिल वाटतं. दुसरा, भावनेच्या भरात वडिलोपार्जित घराच्या हक्कसोडपत्रावर सही करणं. मनातला दावा सोडणं आणि कायद्याने हिस्सा सोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अशा कुठल्याही कागदाला किमान तीन महिने हात लावायचा नाही, आणि वकिलाला विचारल्याशिवाय तर नाहीच. घरात मारहाण किंवा छळ सोसणाऱ्या बाईला ‘स्वतःला मरून जा’, म्हणजे ‘मी’पण सोडून सोसत राहा, असं सांगणारे लोक वचनाचा घात करतात; तिथे आधी सुरक्षितता. तिसरा घोळ उलट्या बाजूचा: सगळी सेवाच बंद करणं. इफिसकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात चोराला चोरी सोड म्हटलंय, पण तेवढ्यावर थांबलेलं नाही. हातांनी काम कर आणि गरजवंताला दे, असं पुढे आहे. जुनं उतरवलं की त्या खुंटीवर नवं काही अडकवावं लागतं. आक्कांसाठी ते असं ठरलं: आठवड्यातून एक काम असं करायचं जे कुणाला कळणार नाही, आणि एक मदत दुसऱ्याकडून मागून घ्यायची. दुसरं त्यांना फार जड गेलं. शेजारच्या मुलाला गॅस सिलिंडर वर आणायला सांगायला त्यांना दोन आठवडे लागले.

(जाता जाता: जुना मनुष्य टाकणं म्हणजे आपली बोली, ओव्या, घरचा पेहराव टाकणं नव्हे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची गाणी अभंगात गायली. संस्कृती उतरवून ठेवली म्हणजे अहंकारही उतरला, असं होत नाही.)

साधारण दहा-बारा दिवसांनी जुनं सगळं उसळून येतं. बहुतेकांची निराशा इथेच होते, आणि ते नव्याने पहिल्यापासून समर्पण करू लागतात. तसं करू नये. रोमकरांस ६:११ मध्ये ‘पापाला मेलेले असे स्वतःला माना’ असं आहे. तिथला ‘माना’ हा ग्रीकमधला जमाखर्चाचा शब्द आहे, हिशेबात तसं धरा असा. भावना काय म्हणते ते विचारू नका. ‘हे दिलेलं आहे’ एवढंच म्हणा आणि हातातलं काम पुढे चालू ठेवा. माझा अनुभव असा की भावना कृतीच्या मागून येते, कधी महिनाभर मागून. लूक ९:२३ मध्ये वधस्तंभ ‘दररोज’ उचलायला सांगितलाय तो यासाठीच. सकाळी पाच मिनिटं: आज माझ्या कामाची दखल कुणी घेतली नाही तर चालेल का? रात्री पाच मिनिटं: आज मी कुणाच्या खात्यावर काय लिहिलं? याहून जास्त वेळ आत्मपरीक्षण करू नये; ते स्वतःभोवतीच फिरत राहतं.

वही जाळायची का, हे आक्कांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. शेवटच्या बेरजेखाली त्यांनी ‘सोडले’ लिहून तारीख घातली आणि ती पेटीच्या तळाशी ठेवली. दिलेलं काही परत मनात आलं की ते पान आहे.

शेवटच्या भेटीला आल्या त्या भावाच्या मुलीच्या लग्नाहून. झोप अजून पूर्ण लागत नव्हती. आठवड्यातून दोन रात्री जाग येतेच, म्हणाल्या. मग आपणहून सांगितलं:

‘मॅडम, आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात मी वाढायला असते, शेवटच्या पंगतीला जेवते. या वेळी भाऊ म्हणाला, आक्का, बस. मी बसले. पहिल्या पंगतीत.’

‘भाऊ म्हणाला?’

‘हो. माझा भाऊ.’ थोडं थांबून: ‘भाजीत मीठ कमी होतं. कुणाला सांगितलं नाही मी. जेवले.’