ताकायामाला एप्रिलमध्ये जावं की डिसेंबरअखेर, आणि आई-बाबांसाठी कपडे काय घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जपानच्या सहलीत टोकियो आणि क्योतोच्या मध्ये डोंगरातल्या ताकायामात दोन रात्री, एक दिवस गवती छपरांच्या घरांचं शिराकावा-गो गाव, सोबत सत्तरीतले आई-बाबा. तारखा एकतर नाताळच्या सुट्टीत, नाहीतर साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या बहरासाठी, एप्रिलमध्ये.

मी एप्रिल सुचवेन, त्यातही महिन्याचा दुसरा आठवडा. अंगावर कपडे चढवले की थंडी निभते. निसरड्या रस्त्याचं तसं नसतं, आणि सत्तरीत खरी भीती पडण्याची. शिवाय डिसेंबरअखेर ताकायामा शहरात बर्फ असेलच असं नाही. बर्फाचीच ओढ असेल तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ भरवशाचा. नववर्षाच्या आसपास बरीच छोटी दुकानं, खानावळी आणि काही संग्रहालयं बंद असतात, हेही धरून चाला.

बॅग भरण्याआधी एक गोष्ट पक्की करा: टोकियोचा हवामान अंदाज बघून ताकायामाचे कपडे ठरवू नका. हे गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात आहे. रात्री थंड हवा उतरून खोऱ्यात साचते, त्यामुळे दिवस आणि रात्र यांत मोठी तफावत पडते. एप्रिलमध्ये दुपारी साधारण १६-१७ अंश असतात आणि पहाटे ३-४. महिन्याच्या सुरुवातीला पहाटे शून्यापर्यंतही उतरतं. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी ३-४ आणि पहाटे उणे ५ च्या आसपास. साकुरासुद्धा टोकियोच्या साधारण दोन आठवडे उशिरा, एप्रिलच्या मध्याला फुलतो. पहिल्या आठवड्यात गेलात तर टोकियोत फुलं बघून आलेल्या माणसाला इथे कळ्याच दिसतील. १४ आणि १५ एप्रिलला वसंतातला उत्सव असतो. १४ च्या संध्याकाळी कंदील लावलेले लाकडी रथ गल्ल्यांतून फिरतात. हॉटेलं फार आधी भरतात आणि पाऊस आला तर रथ बाहेर काढत नाहीत, पण जमलं तर जरूर बघा. फक्त त्या संध्याकाळी दोन तास एका जागी उभं राहावं लागतं, म्हणून त्या रात्रीचे कपडे हिवाळ्याचेच समजा.

आता कपडे. आपल्याकडे सहसा एकच जाडजूड जाकीट घेतलं जातं आणि आत सुती बनियन. जपानमध्ये हीच जोडी त्रास देते. बाहेर २ अंश असले तरी ट्रेन, बस, दुकानं चांगली तापवलेली असतात; बऱ्याच गाड्यांत सीटखालीच हीटर असतो. जाड जाकिटात दहा मिनिटांत घाम येतो, सुती बनियन तो शोषून ओलं राहतं, आणि बाहेर पडल्यावर तेच ओलं कापड अंग गार करतं. म्हणून तीन पातळ थर ठेवा: आत घाम लवकर सुकवणारा थर्मल (युनिक्लोचा हीटटेक किंवा मेरिनो लोकर), मध्ये फ्लीस किंवा घडी होणारं हलकं डाऊन जाकीट, वर वारा-पाणी अडवणारं टोपीचं जाकीट. एप्रिलसाठी प्रत्येकी एक थर्मल संच आणि हे दोन थर पुरेत. हिवाळ्यात थर्मलचे दोन संच घ्या, म्हणजे एक धुऊन वाळेपर्यंत दुसरा अंगावर. जीन्स टाळा, भिजली की दिवसभर वाळत नाही.

आई साडीच नेसणार असतील तर परकराऐवजी आतून फ्लीसची लेगिंग द्या आणि निऱ्या घोट्याच्या वर येतील अशी नेसायला सांगा. एप्रिलमध्ये हे छान निभतं. बर्फात मात्र दुपारी रस्त्यावर पाणी आणि बर्फ यांचा चिखल होतो, काठ भिजतो आणि तो गारवा पायांवर चढत जातो. तिथे सलवार किंवा पँटच बरी.

बुटांवर मी सगळ्यात जास्त विचार करायला सांगेन. ताकायामात दिवसभरात अनेकदा बूट काढावे लागतात: र्‍योकानमध्ये (जपानी पद्धतीचं पारंपरिक अतिथीगृह), तातामीच्या (जमिनीवर गवती चटया असलेल्या) खानावळींत, जुन्या वाड्यांत. एदो काळातली (साधारण सतरावं ते एकोणिसावं शतक) सरकारी कचेरी, ताकायामा जिन्या, बघताना बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात धरायचे आणि लाकडी ओसऱ्या, तातामी यांवरून मोज्यांनी चालायचं. आत हीटर जवळपास नाहीत. हिवाळ्यात त्या फरशीचा गारठा पातळ मोज्यांतून थेट टाचेला भिडतो. म्हणून जाड लोकरी मोज्यांचे तीन जोड घ्या, आणि बाजूला चेन असलेले किंवा नुसते ओढून चढवता येणारे बूट. लेसचे बूट असतील तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला दर वेळी वाकावं लागतं, आणि मग "तुम्ही बघून या, मी इथेच बसतो" असं सुरू होतं. लांब दांड्याचा शू-हॉर्न सोबत ठेवा, फार उपयोगी पडतो.

हिवाळ्यात जात असाल तर बूट घोट्याच्या वर, जलरोधक, आणि तळ मऊ रबराचा, खोल खाचांचा हवा. जाळीचे स्पोर्ट्स शूज पाच मिनिटांत आतून ओले होतात. कडक प्लास्टिकचा तळ थंडीत आणखी कडक होऊन घसरतो. सगळ्यात धोक्याची वेळ सकाळची: दुपारी वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि काळ्या डांबरावर पारदर्शक बर्फ दिसतही नाही. मियागावा नदीकाठचा सकाळचा बाजार हिवाळ्यात आठला उघडतो, नेमका तेव्हा हा थर असतो, विशेषतः पुलांवर आणि सावलीतल्या गल्ल्यांत. आई-बाबांना तासभर उशिराच न्या. बुटांवर चढवायची रबरी, खिळ्यांची पट्टी मिळते, ती घ्या. दुकानात किंवा लाकडी पायरीवर जाताना मात्र काढायची. पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकवून. हात खिशात नकोत, म्हणजे हातमोजे हवेतच.

शिराकावा-गोला बसने पन्नासेक मिनिटं लागतात, पण हवा वेगळी. सायबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि डोंगरांना धडकून बर्फ टाकतात. ते गाव त्या वाऱ्यांना जास्त जवळ, म्हणून बर्फ ताकायामापेक्षा कितीतरी जास्त. हा बर्फ ओला, जड असतो. जाकिटावर पडला की पाणी होतं. छत्री वापरायला संकोच करू नका, तिथले लोकही वापरतात. तिथे दोन गोष्टी सांभाळा: गवती छपरांवरून बर्फाचा ढीग अचानक खाली येतो, म्हणून छपराच्या कडेखाली उभं राहून फोटो काढू नका, आणि रस्त्याकडेचे पाण्याचे पाट बर्फाखाली झाकले जातात, म्हणून मळलेली वाट सोडू नका. एप्रिलच्या सुरुवातीलाही कडेला जुना बर्फ साचलेला असू शकतो.

उंच डोंगरावर नेणाऱ्या शिनहोताका रोपवेचा विचार असेल तर वरचं स्टेशन २,१५६ मीटरवर आहे. दर शंभर मीटरला साधारण ०.६ अंश उतरतात, म्हणजे ताकायामापेक्षा वर ९-१० अंश कमी आणि वारा वेगळा. एप्रिलमध्येही वर भरपूर बर्फ असतो. कान झाकणारी टोपी आणि काळा चष्मा तिथे हवाच. आपली माकडटोपी इथे उत्तम चालते.

गरम पॅकेट, ज्यांना जपानीत काइरो म्हणतात, ती भारतातून नेऊ नका. हिवाळ्यात तिथे कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळतात. चिकटवायचा प्रकार घ्या आणि कमरेच्या मागे थर्मलच्या बाहेरून लावा. थेट कातडीवर कधीही नाही, आणि लावून झोपायचंही नाही. पन्नासेक अंशांची ऊब तासन्‌तास एका जागी राहिली की जळल्याचं कळतही नाही. वडिलांना मधुमेह असून पायाला बधिरपणा असेल तर बुटात घालायचं पॅकेट वापरूच नका.

र्‍योकानमध्ये युकाता (पातळ सुती किमोनो), वरून घालायचं जाड जाकीट, टॉवेल आणि बहुधा टूथब्रशही देतात, तेव्हा रात्रीचे कपडे वेगळे नकोत. जुन्या र्‍योकानमध्ये खोली गरम पण ओसरी आणि संडासाकडची वाट थंड असते. रॉकेलचा पंखेवाला हीटर असेल तर तो तीन तासांनी आपोआप बंद होतो. बिघडला नाही, मुदत वाढवायचं बटण दाबायचं. हीटरने हवा कोरडी होते. व्हॅसलीन आणि ओठांचं मलम जवळ ठेवा.

घरची विजेची किटली किंवा पाणी तापवायचा रॉड नेण्यात अर्थ नाही. जपानमध्ये वीज १०० व्होल्ट, आणि आपली १५०० वॅटची किटली तिथे जेमतेम पावणेतीनशे-तीनशे वॅटवर चालेल, पाणी उकळायला युग लागेल. खोलीत किटली असतेच. मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या. मेतकूट, चिवडा, खाकरे खुशाल न्या. ताजी फळं आणि कसलेही मांसाचे पदार्थ विमानतळावर अडतात.

सर्दीच्या गोळ्या नेताना पाकिटावरची घटकद्रव्यं वाचा. १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध जपानमध्ये आणता येत नाही, आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही कडक निर्बंध आहेत. साधं पॅरासिटामॉल चालतं. बाबांची रोजची औषधं महिनाभराच्या आत ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत सोबत घ्या. जास्त लागत असतील तर आधी परवानगीचा कागद काढावा लागतो.

मोठ्या बॅगा ताकायामाला आणूच नका. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवरून त्या थेट क्योतोच्या हॉटेलवर पाठवता येतात. ताक्युबिन (सामान पोचवणारी कुरिअर सेवा) म्हणा, काउंटरवरचा माणूस फॉर्म काढून देतो. बॅग साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते आणि तुम्ही पोहोचण्याची तारीख घातली की त्या दिवशीच देतात. मध्ये दोन रात्रींसाठी पाठीवरची एकेक सॅक पुरे: एक थर्मल, मोजे, औषधं, छत्री. चाकांची बॅग बर्फात ओढवत नाही, आणि जुन्या गल्ल्यांतही आई-बाबांचा हात धरायला तुमचे हात मोकळे हवेत.