न्यू जर्सीत घर घेतलं आहे. घरापुढच्या अझेलियाच्या झुडपांत पॉयझन आयव्हीची वेल शिरली आहे. कोणता स्प्रे मारू, की उपटून जाळून टाकू?

स्प्रेचं नंतर. आधी तुमच्या त्या 'जाळून टाकू'मध्ये मला बिब्बा घालू द्या.

शब्द मुद्दाम वापरला आहे. या वेलीच्या पानात, देठात, मुळात जे तेल असतं ते उरुशिऑल, आणि बिब्ब्याचं तेल त्याचंच भावंड. बिब्बा, काजू, आंबा आणि ही वेल, सगळी एकाच कुळातली. बिब्बा उतलेला माणूस पाहिला असेल किंवा आंब्याच्या चिकाने ओठ सुजले असतील, तर पुढचं वेगळं सांगायला नको. वेल जाळली म्हणून हे तेल जळून संपत नाही. धुरातल्या काजळीवर बसून ते उडतं, आणि जे हातावर उठलं असतं ते घशात आणि फुप्फुसांत उठतं. न्यू जर्सीत अंगणात पालापाचोळा जाळायला तशीही बंदी आहे. नसती तरी मी हेच सांगितलं असतं.

आमच्या भाऊजींचं म्हणणं असं, की वेल वाळू द्यायची, वाळली की विष जातं. चूक. वाळलेल्या वेलीवर, कात्रीच्या पात्यावर, बुटाच्या नाडीवर हे तेल वर्ष-वर्ष टिकतं. त्यांचं दुसरं म्हणणं, "आपण बिब्ब्याच्या देशातले, आपल्याला काय होतंय?" हे तर साफ उलटं. चिकाने किंवा बिब्ब्याने एकदा उठलं असेल, तर शरीर या तेलाला आधीच ओळखून असतं आणि एक-दोन दिवसांतच पुरळ येतं. ज्याचा कधीच संबंध आलेला नाही, त्याला पहिल्या खेपेला काहीच होत नाही किंवा दोन-तीन आठवड्यांनी उठतं. 'मला होत नाही' ही फुशारकी तिथूनच येते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात फिटते.

आता वेल तीच आहे ना, ते बघा. पळसाला पाने तीन, तशीच हिलाही, आणि मांडणीही पळसासारखीच: मधल्या पानाचा देठ लांब, बाजूची दोन जवळजवळ बिनदेठाची. बाजूच्या पानांना पुष्कळदा अंगठ्यासारखा एक फाटा असतो. पानांचे देठ वेलीवर एकाआड एक निघतात. समोरासमोर निघत असतील तर ते बॉक्स एल्डरचं रोप. काटे असतील तर ब्लॅकबेरी. पाच पानं असतील तर व्हर्जिनिया क्रीपर. जुना बुंधा मात्र पानांशिवायही ओळखू येतो, केसाळ सुंभासारखा दिसतो. पक्षी हिची पांढरट फळं खातात आणि झुडपात बसून बिया टाकतात, म्हणून ही नेमकी अझेलियाच्या पोटातूनच वर येते.

पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना काम काढा. जाड व्हिनाइलचे किंवा नायट्राइलचे, मनगटाच्या वर जाणारे हातमोजे घ्या. पातळ लेटेक्समधून तेल आरपार जातं आणि कापडी मोजे ते शोषून घेऊन तासभर हाताला चोळत राहतात. बाही मोज्यावर आणून वरून टेप लावा. चष्मा घाला.

वीतभर रोपांसाठी ब्रेडची लांब पिशवी हातात मोज्यासारखी चढवा, रोप मातीलगत धरा, मुळासकट सावकाश ओढा आणि पिशवी उलटी करून गाठ मारा. एका पिशवीत एकच खेप.

मोठी वेल वरून खेचू नका. बहुतेकांचं इथेच बिघडतं. खेचली की चाबकासारखी तोंडावर येते, पानं फाटतात आणि तेल अझेलियाच्या फांद्यांना माखतं. मग पुढच्या छाटणीला 'वेल तर नव्हती, मग उठलं कसं?' असा प्रश्न पडतो. वेल आधी जमिनीपासून चार-पाच इंचांवर कापा. मग वरच्या टोकापासून खाली, एका हाताने धरून फूट-फूट लांबीचे तुकडे करत ते थेट जाड पिशवीत टाका, जमिनीवर नाही. जिथे पीळ सुटत नाही तिथे अझेलियाची फांदीही सोबत जाऊ द्या. हे काम फुलं गळल्यावर लगेच, जूनच्या आसपास केलंत, तर पुढच्या वर्षीच्या कळ्याही जात नाहीत. वीडव्हॅकर, म्हणजे दोरी फिरवून गवत कापायचं यंत्र, मात्र अजिबात नको. तो रस चौफेर उडवतो.

मुळं जमिनीखाली दोन-चार इंचांवर आडवी धावतात. मोकळ्या जागेत ती माग काढत उपटा. पण अझेलियाची स्वतःची मुळंही तेवढ्याच उथळ जाळ्याची असतात, म्हणून झुडपाच्या बुडाशी खणलंत तर वेलीआधी अझेलिया मरेल.

तिथे औषध लागतं, पण स्प्रे नव्हे. ग्लायफोसेट आणि ट्रायक्लोपिर ही तणनाशकं वेलीइतकीच अझेलियालाही मारतात. फोमच्या छोट्या ब्रशने नुकत्याच कापलेल्या बुंध्याच्या तोंडावर लावा, पाचेक मिनिटांच्या आत. काप सुकला की औषध आत जात नाही. त्यासाठी कॉन्सन्ट्रेट घ्या. तयार स्प्रेच्या बाटलीत औषध इतकं पातळ केलेलं असतं, की बुंध्याला ते पुरत नाही. ब्रँडच्या नावावर जाऊ नका, त्याच नावाच्या बाटलीत आता वेगळी रसायनं येतात. घटक वाचा आणि लेबलवर लिहिलं आहे तेवढंच वापरा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर उत्तम, कारण तेव्हा रस मुळांकडे उतरत असतो. वसंतात तो वर चढतो, तेव्हा लावलेलं अर्धं वाया जातं. म्हणजे जूनमध्ये वेल काढा आणि जे फुटेल त्याला सप्टेंबरात पुन्हा कापून ब्रश लावा. दोन वर्षं दर तीन आठवड्यांनी झुडपाखाली वाकून बघायचं आहे.

पिशव्या घरच्या कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. टाउनचा नियम आधी विचारून घ्या. मोजे काढण्याआधी कात्री रबिंग अल्कोहोलने पुसा. कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा. अंगाला भांड्यांचा साबण लावा आणि गार पाण्याखाली फडक्याने घासा, ग्रीस काढतो तसं, तीनदा. पहिल्या दहा मिनिटांत धुतलं तर पुष्कळ वाचतं. फोडांतली लस लागून हे पसरत नाही. जिथे तेल कमी लागलं तिथे उशिरा उठतं, एवढंच.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: आंब्याच्या चिकाने ज्यांचा चेहरा सुजतो, त्यांनी हे स्वतः करू नये, पैसे देऊन करून घ्यावं. डोळ्यांपाशी उठलं तर डॉक्टर गाठा आणि धूर नाकात गेला असेल तर थेट इमर्जन्सी. कुत्रा त्या झुडपात शिरत असेल तर त्यालाही आंघोळ घाला. त्याला क्वचितच काही होतं, पण त्याच्या केसांवरचं तेल तुमच्या मांडीवर येतं.

आणि भाऊजी हे वाचत असतील तर: शेडमागे 'वाळू द्या' म्हणून ठेवलेला तो भारा अजून तिथेच आहे. न्यायला याल तेव्हा मोजे घालून या.